पाऊण वाजता उठणारी कोकरं

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी दुसऱ्या कप्प्यात एका कोकराचं तापमान घेत होते. शेजारच्या, तिसऱ्या कप्प्यात सहा कोकरं पाय दुमडून रवंथ करत बसली होती. शेडमध्ये तेवढाच एक आवाज होता, दातांवर दात घासल्याचा, आणि तो एकदम थांबला. मी मान वर केली. सहाही कोकरं उठून उभी राहिली होती. एक उठलं म्हणून दुसरं उठलं, असं काही दिसलं नाही. ती चालत पूर्वेच्या भिंतीपाशी गेली आणि भिंतीला नाकं लावून उभी राहिली. भिंतीवर पांढरा चुना होता आणि खालच्या बाजूला प्लायवूडचा एक तुकडा ठोकलेला होता. दुसरं काहीच नव्हतं. शेडमधल्या घड्याळात पाऊण वाजला होता.

मी जतकडची. आमच्याकडे मेंढरं घरात नसली तरी दारावरून जातातच. उपाशी कोकरू गप्प राहत नाही, हे तिकडच्या लहान पोरालाही माहीत असतं. ते ओरडून ओरडून घसा बसवतं. ही सहा मात्र बारा कान पुढे करून, श्वासही जपून घेतल्यासारखी उभी होती. दहा-बारा मिनिटांनी ती मागे फिरली, बसली, आणि जबडे पुन्हा हलू लागले.

दुसऱ्या दिवशीही पाऊण वाजता तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी चुन्याकडे नीट पाहिलं. एका रेषेत, एकाच उंचीवर, ओल्या नाकांचे सहा डाग पडले होते.

हे संशोधन केंद्र बेंगळुरूच्या उत्तरेला, निलगिरीच्या झाडांमागे आहे. मी राजाजीनगरात एक खोली घेऊन राहायचे आणि दोन बस बदलून इथे यायचे. ज्या शाळेत वडील शिपाई होते त्याच शाळेत मी शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. इथवर येण्यात माझ्या हुशारीपेक्षा इतरांचा वाटा जास्त आहे, असं मी तेव्हाही मानायचे आणि आजही मानते. विज्ञानाचे एक शिक्षक सुट्टीतही शिकवायला बोलवायचे. आणि इथे माझे मार्गदर्शक असलेल्या सरांनी मुलाखतीत माझं अडखळतं इंग्रजी ऐकून घेतलं होतं आणि शेवटी मराठीत विचारलं होतं, "मेंढीला धरता येतं का तुला?" येतं म्हटल्यावर त्यांनी मला घेतलं.

माझा प्रयोग साधा होता. अठरा कोकरं, तीन कप्पे. पहिल्या कप्प्यातल्यांच्या गव्हाणीत दिवसभर खाणं असे. दुसऱ्यांना सकाळी आठला आणि दुपारी चारला. तिसऱ्यांना दिवसातून एकदाच, दुपारी चारला. खाणं सगळ्यांना सारखंच, फरक फक्त वेळेचा. वेळ बदलली की वाढत्या कोकराच्या शरीराचा कारभार कसा बदलतो, रक्तातली संप्रेरकं कधी चढतात आणि कधी उतरतात, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी ठरलेल्या दिवशी, सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, दर तासाला गळ्याच्या शिरेत बसवलेल्या बारीक नळीतून थोडं रक्त घ्यायचं. मार्चअखेर माझी फेलोशिप संपत होती. तोवर प्रबंध जमा झाला, तर आमच्याच तालुक्यातल्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या शिक्षकपदासाठी मुलाखत देता येणार होती. वडिलांनी त्या जागेची जाहिरात कापून खिशात ठेवली होती. फोनवर ते तिच्याबद्दल विचारत नसत, एवढंच म्हणत, "कोकरं बरी आहेत ना?"

शेडचं काम एक अक्का बघायच्या. चिक्कोडीकडच्या, पन्नाशीच्या. माझ्याशी त्या तिकडचं मराठी बोलायच्या. चौथ्या दिवशी मी त्यांना हे दाखवायला थांबवून घेतलं. कोकरं उठली, भिंतीला लागली. अक्कांनी हातातली पेंडीची पाटी हळूच खाली ठेवली.

"वरडत का न्हाईत ही?" त्या कुजबुजल्या.

"तेच तर कळत नाही."

"ताई, जनावर वरडतं ते बरं असतं. त्याला ठावं नसतं कोण येणार, म्हणून ते समद्यांना हाका मारतं. ह्यांना ठावं हाय कोण येणार ते." त्यांनी पदर कानावरून घट्ट घेतला. "मी आता दुपारचं हिकडं येणार न्हाई बघा. सरी? चालंल न्हवं?"

मी हसले खरी, पण त्या गेल्यावर मीही बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले. दूरच्या इमारतींच्या काचा चमकत होत्या, घारी फिरत होत्या, भरदुपार होती. मागे शेडमध्ये जराही आवाज नव्हता.

पुढच्या आठवड्यात पहिल्या नमुन्यांचे निकाल आले. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक असतं. ठरल्या वेळी खाणाऱ्या जनावरात ते खाण्याच्या वेळेआधी चढतं आणि खाल्ल्यावर उतरतं. दुसऱ्या कप्प्यात ते आठच्या आधी आणि चारच्या आधी चढलेलं होतं. पहिल्या कप्प्यात आलेख जवळजवळ सपाट होता. सगळं पुस्तकात होतं तसंच. तिसऱ्या कप्प्यात चारच्या आधी एक उंचवटा अपेक्षित होता आणि तो होता. पण त्याच्या अलीकडे, दुपारी एकच्या नमुन्यात, आणखी एक उंचवटा होता. लगेच पुढच्या नमुन्यात इन्शुलिनही किंचित वर आलं होतं. पोटात काहीही गेलेलं नसताना शरीरानं पान मांडलं होतं, वाट पाहिली होती आणि मग ते पान उचलून ठेवलं होतं.

मी कागद घेऊन सरांकडे गेले. सरांच्या घराण्याच्या तीन पिढ्या बेंगळुरूतल्या चामराजपेटेत गेल्या. त्यांच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं आहे की त्यांना ते वेगळं ऐकू येत नाही.

"स्वल्प थांब," म्हणत त्यांनी चष्मा बदलला. मग आलेख जवळ ओढून पाहिला. "हे एकला काय आहे गं?"

"ती पाऊण वाजता उठतात, सर. रोज."

"कुणी खायला घालतंय त्यांना?"

"नाही सर. मीच असते तिथे. आता तर अक्काही येत नाहीत."

"वहीत काही?"

"वहीत सगळं आहे, सर. चारशिवाय एक दाणासुद्धा नाही."

मी हे अगदी खऱ्या मनानं सांगितलं.

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांचा चेहरा मी इतका तरुण झालेला कधी पाहिला नव्हता. "मग हे आतून येतंय. बाहेरून कुणी शिकवलेलं नाही, शरीराची स्वतःचीच वेळ. असं कुणी दाखवलेलं माझ्या तरी वाचनात नाही. पुढच्या शुक्रवारच्या बैठकीत मांडू या. तू मांडायचंस, मी नाही."

त्याआधी त्यांनी खात्री करून घ्यायला सांगितली. उन्हाची तिरीप बघून उठत असतील म्हणून मी खिडक्यांवर काळं प्लास्टिक लावलं आणि दिवसभर दिवे चालू ठेवले. घड्याळाची टिकटिक नको म्हणून ते उतरवलं. मनगटावरचं घड्याळ खिशात घातलं. त्या पिवळ्या उजेडात सकाळ कोणती आणि दुपार कोणती, हे मलाच कळेना. कंटाळून मी एका उलट्या बादलीवर बसले होते. अचानक रवंथ थांबला. मी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं नाही. मला ते पाहायचंच नव्हतं.

मग सरांच्या सांगण्यावरून ती सहा कोकरं शेडच्या दुसऱ्या टोकाला, रिकाम्या कप्प्यात हलवली. तिथे ती भिंत नव्हती. ती उठली, लोखंडी जाळीपाशी आली आणि अख्ख्या शेडच्या पलीकडे, त्या जुन्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मधल्या कप्प्यांतली बाकीची बारा कोकरं आपापलं खात-बसत होती. त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

त्या रात्री मला ताप भरला. साधा व्हायरल ताप, पण तीन दिवस खोलीतच पडून होते. तेवढे दिवस शेडची दुपारची फेरीही अक्कांनाच करावी लागली. बुधवारी सकाळी मी गेले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"आलात ओ ताई! चेहरा बघा, पार वाळलाय. अन् त्यांना बघा तिकडं, तुमची वाट बघून बघून डोळे दुखाय लागले त्यांचे."

"माझी वाट? माझी कशाला?"

"मग माझी? मी कवा दिलाय त्यांना घास?"

"कसला घास?"

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. थट्टा करते की काय, असं त्यांना वाटलं असावं. "आता बघा! त्या वजनाच्या खोलीत जेवत हुता न्हवं तुम्ही, आधी? खालच्या जाळीतनं भाकरी सारत हुता ती? फ्रीझर आला अन् जाळीवर फळी ठोकली, मग बंद झालं ते."

मी वळून त्या जुन्या भिंतीकडे पाहिलं.

भिंतीपलीकडे वजनकाट्याची खोली होती. प्रयोगाचे पहिले सहा आठवडे, कोकरांना नव्या वेळेची सवय लागेपर्यंत, मी तिथेच खाली बसून डबा खायचे. राजाजीनगरच्या स्टॉपजवळ उत्तर कर्नाटकातल्या लोकांची एक खाणावळ आहे. तिथून सकाळी ज्वारीच्या दोन रोट्ट्या घ्यायच्या. ते रोट्टी म्हणत, मला ती भाकरीच होती. भिंतीत जमिनीलगत हवेसाठी एक जाळी होती. तिच्यातून तिसऱ्या कप्प्यातली तोंडं दिसत. आईनं लहानपणापासून शिकवलेलं, मुक्या जनावराच्या तोंडापुढे बसून एकट्यानं जेवू नये. त्याला घास द्यावा, मग आपण खावं. म्हणून मी चतकोर भाकरी मोडून जाळीतून आत सारायचे आणि हात पुसून जेवायला लागायचे. दुपारी एकच्या सुमारास, रोज.

मग त्या खोलीत फ्रीझर आला, जाळी बुजवली, आणि मी कँटीनमध्ये जेवायला लागले. त्याला आता तीन आठवड्यांवर दिवस झाले होते.

मी वहीत पेंड ग्रॅमवर लिहीत होते. गव्हाणीत उरलेला चाराही गोळा करून तोलत होते. आणि सहा आठवडे रोज स्वतःच्या हातानं घातलेलं धान्य मी लिहिलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. ते खाणं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो घास होता.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत अक्का?" मी कसंबसं विचारलं.

"सांगायचं कशाला?" त्या दुखावल्या. "दिल्यालं असं बोलून दाखवत्यात व्हय? ह्या हाताचं त्या हाताला कळू नये म्हंत्यात. मी कोण गावभर सांगणारी? तुम्ही तरी कुठं सांगितलं?"

मग कोकरं उठायच्या वेळी त्या इतक्या घाबरल्या कशाला होत्या, हेही मी विचारलं.

"घाबरू नको तर काय? घास बंद झाला की जनावर चार दिस वरडतं, पाचव्या दिवशी विसरतं. ही वरडली न्हाईत अन् विसरलीबी न्हाईत."

मग मी शेडबाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. कोकरं मला घाबरवत होती तोवर त्यांच्यात काहीतरी आहे, असं मी समजत होते. आता कळलं होतं की त्यांच्या आत जे होतं ते माझंच होतं. माझ्या आईची एक शिकवण भाकरीच्या कडेकडेनं त्यांच्या रक्तात शिरली होती आणि तिथे रोज पाऊण वाजता उठून उभी राहत होती. मी दया केली आणि विसरून गेले. त्यांनी तिची वेळ ठरवली.

शुक्रवारला दोन दिवस होते. सरांचा तो तरुण झालेला चेहरा मला सारखा दिसत होता. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. वही स्वच्छ होती. अक्का आयुष्यभर बोलल्या नसत्या, आणि तेही पुण्य समजून. मार्चमध्ये प्रबंध, मग मुलाखत, मग वडिलांच्या खिशातला तो कागद. खरं सांगायचं तर त्या पायरीवर मी तासभर हाच हिशेब केला. मग आत पाऊण वाजला. मला घड्याळाची गरज नव्हती, पाठीमागे शांतता झाली त्यावरून कळलं. ती सहा तोंडं आता कुठे वळली असतील ते मला माहीत होतं. मी उठले आणि तशीच सरांच्या खोलीत गेले.

सरांना मी सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "किती द्यायचीस?"

"चतकोर. कधी थोडी जास्त."

"सहा जणांत?"

"पाच, सर. एकाला मिळायची नाही. बाकीची त्याला ढकलून द्यायची. तो मागेच असायचा."

"नंबर?"

"सतरा."

सरांनी फाईल उघडली. सतराचा कागद काढला, माझ्यासमोर ठेवला आणि एकच्या नमुन्यावर बोट टेकलं. उंचवटा होता. पाचांइतकाच. मी तो याआधी कितीदा पाहिला होता, पण तो सतराचा आहे म्हणून पाहिला नव्हता.

"याला काहीच मिळालं नाही?"

"एक तुकडाही नाही."

मग सरांनी कागद पालथा केला. उघडं पडलेलं झाकून ठेवतात तसा.

"शुक्रवारचं रद्द," ते म्हणाले. "तिसऱ्या कप्प्याचं काही वापरता येणार नाही. तो भाग नव्या कोकरांवर पुन्हा करायचा. कोकरं हिवाळ्याशिवाय मिळत नाहीत. मुदतवाढ मागतो, मिळेल असं सांगत नाही. आणि हे वहीत लिही. आजची तारीख घालून लिही, मागची नको."

"सर, तुमचं नाव..."

"माझं नाव राहू दे बाजूला. तू आता आलीस. शुक्रवारनंतर आली असतीस तर दोघांचं गेलं असतं." ते खिडकीबाहेर बघत होते. "माझी अज्जी चिमण्यांना भात घातल्याशिवाय जेवत नसे. मी विचारायला हवं होतं, कधी घास घातलास का. मी खाणं घातलंस का, एवढंच विचारलं."

मी घरी फोन केला. वडिलांनी ऐकून घेतलं आणि फोन आईकडे दिला. आईला संप्रेरकं कळत नाहीत. तिला एवढंच कळलं की भाकरी दिली म्हणून माझी मुलाखत गेली.

"मग काय, त्यांच्या तोंडापुढं बसून गिळली असतीस?" ती कडाडली. "असलं कसलं गं शिक्षण?" आणि थोड्या वेळानं, हळूच, "त्या मागं राहणाऱ्याला वेगळी का दिली नाहीस?"

मी फोन ठेवला.

मुलाखतीची तारीख येऊन गेली. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मुदतवाढ मिळाली, एका वर्षाची, तीही सरांनी तीनदा जाऊन बसल्यावर. पण नवी कोकरं येईपर्यंत त्यांनी मला एक काम दिलं. या सहाही कोकरांना त्यांच्या जुन्या कप्प्यात परत न्यायचं, आणि ती पाऊण वाजता उठायची कधी थांबतात ते रोज बसून लिहायचं. काही द्यायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही.

मी रोज साडेबाराला त्या उलट्या बादलीवर जाऊन बसायचे. पहिले काही दिवस सगळी उठली. मग एक उठेनासं झालं. नुसती मान उचलायचं आणि खाली ठेवायचं. मग आणखी दोघं. चुन्यावरचे डाग एकेक करून वाळत गेले. दर वेळी मला सुटल्यासारखं वाटायचं आणि लगेच काहीतरी गमावल्यासारखंही. मी वहीत आकडा लिहायचे. चार. तीन. दोन.

शेवटी फक्त सतरा उठत राहिला. बाकीची पाच रवंथ करत बसलेली असायची. तो त्यांच्या मधून वाट काढत जायचा आणि भिंतीशी एकटा उभा राहायचा. आता त्याला ढकलायला कुणी नव्हतं. ज्या जागेपर्यंत तो कधी पोहोचला नव्हता, त्या प्लायवूडच्या अगदी समोर तो उभा राहायचा. अक्का दारातूनच बघायच्या. "ह्याचं कसं सुटणार ओ ताई?" त्या म्हणाल्या. "ज्यानं खाल्लं त्याचं सुटलं. ह्यानं खाल्लंच न्हाई."

नवी कोकरं यायच्या आदल्या दिवशी मी शेवटची नोंद करायला बसले. पाऊण वाजता तो उठला. त्या दिवशी मात्र तो भिंतीकडे गेला नाही. सावकाश वळून तो जाळीपर्यंत आला आणि माझ्याकडे तोंड करून, कान पुढे करून, गप्प उभा राहिला. मी वहीत वेळ लिहिली, पुढे एक असा आकडा टाकला आणि वही मिटली. माझे हात रिकामे होते. तरीही तो परत जाऊन बसेपर्यंत मी ते मांडीखाली दाबून धरले होते.